नव्या चुलीवरचं दूध

वेल्स, २१ सप्टेंबर

प्रिय आई, आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन हे वाचणाऱ्या साधनाबाई,

मी सुखरूप पोचले. खोली उबदार आहे, पोटभर जेवते आणि अंगात दोन स्वेटर घालते. हे आधी लिहिलं म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं ती नीट ऐकेल.

आई, तुला फोनवर नुसती खरखर ऐकू येते आणि मोतीबिंदूमुळे अक्षरं दिसत नाहीत, म्हणून हा पत्राचा घाट घातला. साधनाला फोन केला तर उचलत नाही. मेसेज टाकला तर निळ्या खुणा उमटतात आणि तिथेच विषय संपतो. पण तुझ्या नावाने आलेलं पत्र ती तुला वाचून दाखवल्याशिवाय राहणार नाही, इतकी मी माझ्या धाकट्या बहिणीला ओळखते. म्हणजे गंमत बघ, जी माझ्याशी दोन वर्षं बोलत नाही, तिच्याच तोंडून मी आता बोलणार. शिवाय तुला ऐकू जावं म्हणून तिला ओरडून वाचावं लागणार, तेव्हा अकोटच्या अख्ख्या गल्लीला माझी खबरबात कळेल. साधना, घसा बसला तर आईच्या पेटीत खडीसाखरेचा डबा आहे. त्या डब्याखाली माझ्या अमरावतीच्या घराची किल्ली ठेवली आहे. कधी जमलं तर दारं उघडून घराला हवा दे. नाही जमलं तरी हरकत नाही.

आता शाळेचं सांगते. डोंगराच्या पायथ्याशी चार-सहा दगडी घरं, त्यांच्यावर पाटीच्या दगडाची छपरं आणि चहूकडे मेंढ्या. शिकायला येतात ती मोठी माणसं, कोणी नोकरीतून रजा काढून, कोणी नोकरी कायमची सोडून. इथले मुख्य ओवेन म्हणून एक गृहस्थ आहेत, भले आहेत, फार हळू बोलतात. माझ्या विषयाचं नाव आहे ‘शाश्वत जीवनाची कौशल्यं’. आई, घाबरू नकोस. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, वड्या वाळवायच्या, सदरा उसवला तर रफू करायचा, मातीची चूल मांडायची, एवढंच शिकवते. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर कार्यानुभव शिकवला, आणि परीक्षा जवळ आली की माझाच तास गणिताला द्यायचे. इथे माझ्या तासाला लोक पेन्सिली तासून बसतात.

दिवस शिकवण्यात जातो. संध्याकाळी मात्र मन लागत नाही. इथे संध्याकाळी कोणी कोणाला हाक मारत नाही. तुझे जावई खुशालराव गेल्यापासून अमरावतीच्या घरात मी एकटीच होते, तरी शेजारची कुकरची शिट्टी ऐकू यायची, बडनेऱ्याहून गाडी सुटल्याचा आवाज यायचा. त्यांची सारी नोकरी रेल्वेत गेली. ते त्या आवाजावर घड्याळ लावायचे. इथे आवाज म्हणजे पाऊस आणि मेंढ्या.

साधना, आईला तुझ्या एकटीवर टाकून मी विमानात बसले, त्याचा राग आहे का तुला? पण तुझा अबोला तर त्याच्याही आधीचा, ह्यांच्या तेराव्यापासूनचा. मला खरंच कळत नाही. हे वाक्य हळू वाचलंस तरी चालेल.

दामिनी

*

वेल्स, १९ ऑक्टोबर

प्रिय आई आणि साधना,

मुगाच्या वड्यांनी माझी अब्रू घेतली. शिकवायला तर घेतल्या. डाळ भिजवली, लसूण-मिरची-जिरं घालून वाटली, बारा जणांना प्लास्टिकच्या कागदावर ओळीने वड्या घालायला लावल्या. ऊन पडलेलं होतं, म्हणून कागद बाहेर गवतावर नेले. इथलं ऊन म्हणजे पाहुणा, चपला न काढता दारातूनच परत जाणारा. पाऊस आला, आम्ही कागद आत नेले. पाऊस गेला, बाहेर आणले. तिसऱ्या खेपेला कावळ्यांचा थवा उतरला आणि अर्धा धडा खाऊन गेला. शेवटी उरलेल्या वड्या कपडे धुण्याच्या खोलीत बॉयलरवर वाळवल्या. आता सगळ्यांच्या चादरींना लसणाचा वास येतो, पण कोणी तक्रार करत नाही.

मला आपली गच्ची आठवत होती. उन्हाळ्यात आई वड्या घालायची आणि आपल्या दोघींना चिमण्या हाकायला बसवायची. साधना, तू चिमण्यांवर नजर ठेवायचीस आणि अर्ध्या ओल्या वड्या तूच गट्टम करायचीस. विचारलं की चिमण्यांचं नाव सांगायचीस. आईला ते ठाऊक होतं, म्हणून ती नेहमी एक कागद जास्त घालायची. त्या ओल्या वडीची चव मी इथे बॉयलरजवळ उभी राहून घेतली आणि जरा डोळ्यांत पाणी आलं. मिरची जास्त झाली होती, असं सगळ्यांना सांगितलं.

वर्गात ग्वेन म्हणून एक बाई आहेत. सत्तरीच्या आहेत, नवरा नाही, मेंढ्या आहेत. त्यांना इथे शिकण्यासारखं काय आहे ते मला समजत नाही, कारण त्यांना बहुतेक सगळं येतं. मी विचारलं तर म्हणाल्या, घरात कोणी बोलायला नाही. आम्ही दोघी आता जेवायला शेजारी बसतो.

पुढच्या आठवड्यात चूल मांडायला घेणार. इथली माती राखाडी आहे, चिकट आहे. घोड्याची लीद आणि भुसा मिळाला आहे. या हवेत वाळायला हिवाळा जाईल. पण पेटवायची तेव्हा आपल्या रीतीने पहिलं दूध उतू घालवायचं, असं मी ठरवलंय. साधना, आठवतं का आमच्या वास्तूचं? गुरुजी म्हणाले, दूध पूर्वेकडून उतू जाऊ द्या. सगळे पातेल्याकडे डोळे लावून उभे. दूध वर आलं, आता जाणार, इतक्यात तू पुढे झालीस आणि खटकन गॅस बंद केलास. सगळे तुझ्याकडे बघत राहिले, आणि तू म्हणालीस, “उतू चाललं व्हतं ना.” पुन्हा गॅस लावावा तर माझ्या सासूबाई जाईबाई म्हणाल्या, राहू द्या, वेळ गेली. मला ते आठवलं की अजून हसू येतं. इथे तुझ्यासारखं कोणी निघू नये म्हणजे मिळवली.

दामिनी

*

वेल्स, ३ डिसेंबर

साधना,

हे पत्र आईसाठी नाही. मनातल्या मनात वाच. आईला सांग, ताई बरी आहे आणि थंडी फार आहे.

परवा तुझ्या शेजारच्या वर्षालीच्या फोनवरून आईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. तिला ऐकू येत नाही, पण बोलता तर येतं, हे आपल्या कोणाच्या कसं लक्षात आलं नाही? तू बाजारात गेली होतीस तेव्हा तिने वर्षालीला बोलावलं. ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालं.

“काय वं दामिनी, मी बोलून राहिली, तुही माय. तुही चिठ्ठी साधना वाचते, मले सारं समजते. पण ते दुधाचं आलं अन् ते थांबली. उठून अंगणात गेली, घासलेलेच भांडे घासत बसली. तुले मालूम नाई का? तेराव्याले तुही सासू सगळ्याइसमोर म्हणली, त्या पोरीनं दूध उतू जाऊ देलं नाई, म्हून माहा लेक गेला. जाईबाईचा आवाज त बहिऱ्यालेबी आयकू येते. साधनानं आयकलं. तवापासून त्या घराचं नाव काढलं का उठून जाते. मले वाटलं तुले ठाऊक हाये.”

मला ठाऊक नव्हतं, साधना. त्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. बाहेर कोण आलं, कोण काय बोललं, माझ्या कानांपर्यंत काही आलं नाही. तू मधून मधून पाण्याचा तांब्या आणून ठेवत होतीस, तेवढंच आठवतं. संध्याकाळी तू निरोप न घेता अकोटच्या एसटीत बसलीस, आणि त्यानंतर माझ्या घराची पायरी चढली नाहीस. मी दोन वर्षं तुझा राग शोधत बसले, आणि तो राग नव्हताच. वरून मी ते दुधाचं गमतीने लिहिलं आणि तुलाच मोठ्याने वाचायला लावलं.

ह्यांच्या हृदयाची झडप खूप वर्षांपासून गळत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी वास्तूच्या आधीच सांगितलं होतं की जपा. आम्ही कोणाला बोललो नव्हतो, कारण ह्यांना कोणी कीव केलेली चालत नसे. हे सगळं खरं आहे. पण लिहिताना मलाच वाटतंय की यानं तुझं समाधान व्हायचं नाही. माणूस गेल्यावर डॉक्टरांचं बोलणं एका कानाने आत जातं, दुसऱ्याने बाहेर पडतं, आणि सासूचं बोलणं आतच घर करतं.

या दिवसांत अकोटला जिनिंग सुरू झाली असेल. हवेत कापूस उडत असेल, तुमच्या दारातल्या तुळशीवर बसत असेल. आपण मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधायचो तेव्हाही बाबांच्या टोपीवर तो बसलेला असायचा. तुझ्या जुड्या नेहमी जाड. बाबा म्हणायचे, साधना जुड्या बांधायला बसली की मेथी पुरत नाही. गिऱ्हाइकाला कमी गेलं तर तुला झोप येत नसे, आणि खाली गळलेला पालाही तू वाया जाऊ देत नसायचीस, तो शेळीपुढे टाकून यायचीस. त्याच मुलीने गॅस बंद केला. दुसरं कोण करणार होतं?

तू मला उत्तर लिही असं म्हणत नाही. पण माझ्यापासून लपू नकोस. मला एकच बहीण आहे, आणि नवरा गेल्यावर ती हवी होती.

ताई

*

वेल्स, ९ फेब्रुवारी

साधना,

वर्षालीने कळवलं की तू पत्र दोनदा वाचलंस, आईच्या पेटीत ठेवलंस आणि काही बोलली नाहीस. बरं. मी तुझी मोठी बहीण आहे, मीही काही कमी हट्टी नाही. आणि आज तुला लिहिण्यासारखं घडलंय. हे आईला वाचून दाखव, अगदी गल्लीला ऐकू जाईल असं वाच.

चूल वाळली. पहिली दिवाळीच्या सुमारास तडकली होती, ती मोडून पुन्हा मांडली. ही दुसरी सगळा हिवाळा शेडमध्ये होती. रोज कोणी ना कोणी तिच्यावर ओला हात फिरवून जायचं. काल ती पेटवायची ठरली. मी वर्गाला सांगितलं की आमच्याकडे नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ देतात, म्हणजे घरात कधी कमी पडत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आता त्यांचं काय चुकलं? ज्या बाईने पाच महिने शिकवलं की भाजीचं देठ टाकू नका, भाताचं पाणी टाकू नका, तीच म्हणतेय दूध निखाऱ्यात सांडू द्या. भिंतीवर ओवेननी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी आहे, अन्न वाया घालवू नका. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, किती सांडायचं असतं? मी म्हटलं, थोडंसंच. मग ते म्हणाले की इतके महिने काटकसर केल्यावर तेवढी उधळण चालेल.

ग्वेनबाईंनी शेजारच्या गोठ्यातलं दूध आणलं. पातेलं चुलीवर ठेवलं. बाहेर पाऊस, शेडमध्ये धूर, सगळे गोल करून उभे. साय धरली, कडेला बुडबुडे आले. मी सांगितलं, कोणी काही करायचं नाही, नुसतं बघायचं. सगळ्यांनी माना हलवल्या, ग्वेनबाईंनी तर दोनदा हलवली. दूध फुगून काठापर्यंत आलं, आणि साधना, त्या बाईने गळ्यातला रुमाल ओढला, त्याने पातेलं धरलं आणि एका झटक्यात उचलून खाली ठेवलं. एक थेंब सांडला नाही.

मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. चेहरा पांढराफटक झाला. तोंडावर हात ठेवून त्या पुन्हा पुन्हा माफी मागायला लागल्या. म्हणाल्या, माझं मन थांबलं होतं, हाताने ऐकलं नाही.

मी हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि मग रडू आलं ते थांबेना. लोकांना वाटलं माझी चूल विटाळली. त्यांना काय सांगणार? मला समोर तू दिसत होतीस, वास्तूच्या दिवशीची, हिरव्या साडीतली, गॅसच्या बटणावर हात ठेवलेली. अगदी तसाच चेहरा. ह्या बाईंना अमरावती कुठे आहे ते माहीत नाही, गुरुजी माहीत नाहीत, जाईबाई माहीत नाहीत. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची पोटं भरली त्यांचा हात दूध वर आलं की पुढे जातोच. तो वाचवायला जातो. कोणाचं घर बुडवायला कोणी असं धावत नाही, साधना.

आता एक गोष्ट, जी मी तुला सांगितली नव्हती, कारण सांगायची गरज आहे हेच माहीत नव्हतं. वास्तूच्या दिवशी तुम्ही सगळे गेल्यावर ते दूध उरलं होतं, पातेलं भरून. मी त्याची शेवयांची खीर केली. खुशालराव ओट्याला टेकून उभ्या उभ्याच जेवले, कारण नव्या घरात अजून सामान लावलेलं नव्हतं. वाटी पुढे करत राहिले. पथ्य होतं, मी नको म्हणत होते. ते म्हणाले, “तुह्या बहिणीमुये खायले भेटून राहिली, नाई तं सारं दूध ओट्यानंच पेलं असतं. घरात येक तरी शहाणी बाई आली आज.” त्या घरातली त्यांची पहिली रात्र अशी गेली, खीर खात, तुझं नाव घेत. मला तर त्या घराचं पहिलं सुख म्हणून तेच आठवतं.

काल शेवटी दूध पुन्हा चुलीवर ठेवलं. ग्वेनबाई म्हणाल्या, मी बाहेर जाते. मी म्हटलं, नाही, इथेच उभ्या राहा. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, तो पुन्हा सुटून जाऊ नये म्हणून. दूध आलं, सांडलं, निखारे फसफसले, शेडभर जळक्या दुधाचा वास सुटला. तो वास इथल्या कोणाच्याच ओळखीचा नव्हता. मला वाटलं मी घरी आले.

शाळेला एप्रिलमध्ये सुट्टी आहे. मी तिकीट काढलंय. कुठल्या घरी उतरायचं ते अजून ठरवलं नाही.

ताई

*

अमरावती, २ मार्च

ताई,

मी तुह्यासारखी मास्तरीण नाई. बोलते तसं लिहून राहिली, चुका काढू नको.

तुही चिठ्ठी आईले वाचून दाखवली. खिरीपाशी मले पुढं वाचता आलं नाई. आई म्हणे, काहून थांबली? मी म्हटलं, अक्षर खराब हाये तिचं. आई म्हणे, तिचं अक्षर त चांगलं हाये, तुहा गया भरला हाये. मंग मी खडीसाखर काढाले पेटीत हात घातला, अन् किल्ली हाताले लागली.

काल सकायच्या एसटीनं आमी दोघी अंजनगाववरून अमरावतीले आलो. आईले घरी ठेवत होती, ते आयकेना. कुलूप गंजलं होतं, तेल टाकून उघडलं. घरात धूय इतकी, का पाय उमटत होते. दिवसभर मी झाडलं, पुसलं, आई खुर्चीवर बसून सांगत राहिली, या कोपऱ्यात राहिलं, त्या कोपऱ्यात राहिलं. तिले दिसत नाई, पण कोपरे ठाऊक आहेत. भाऊजीइचा फोटो पुसला. तवा मी मनातल्या मनात त्याइच्याशी बोलली. काय बोलली ते तुले नाई सांगत.

संध्याकायी चौकातून दूध आणलं, अन् आईसाठी दह्यातला गिला वडाही आणला, तिनं एसटीतच सांगून ठेवलं होतं. गॅस लावला. सिलिंडरमंधी गॅस होता अजून. पातेलं तठीच ठेवलं, त्याच शेगडीवर. अन् मी तुह्या त्या ग्वेनबाईसारखे हात मांगं बांधून उभी राह्यली.

ताई, लय कठीन हाये ते. दूध वर येऊन राहिलं अन् माहे खांदे पुढं चालले. मी डोये मिटून घेतले. तवाच आईले वास गेला. तिले ना दिसते ना आयकू येते, पण वास आला. खुर्चीवरून ओरडली, “साधना, दूध उतू चाललं वं. बंद कर.”

मी नाई केला बंद.

शेगडी चिकट झाली, ओट्यावरून खाली जमिनीलोक दूध आलं, पूर्वेकडूनच. आई मले शिव्या देत राहिली, अन् मी हसत राहिली. मंग तिच्या कानापाशी जाऊन सांगतलं, मुद्दामच उतू जाऊ देलं. तिनं माहा हात हातात घेतला अन् किती वेय सोडलाच नाई.

आमी अठीच आहोत आता, तू येस्तोवर. घर उघडं हाये. मी सारं पुसलं, फक्त शेगडी पुसली नाई. ते तशीच ठेवली हाये. तू येजो अन् तुह्या हातानं पुसजो.

साधना